चेऊलकर, तेरकर आणि एक शेळी

‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा आठवतो? त्या डेव्हिडचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पहिली दोन नावं थेट जुन्या करारातली, तिसरं अलिबागजवळच्या चौलचं. नकाशात चौल, आडनावात मात्र अजून चेऊल.

डेव्हिड ज्या समाजाचा, त्या बेने इस्रायली ज्यूंचं सगळं असंच. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ही त्यांची पिढीजात कथा. पुढे धंदा तेलघाण्याचा. शनिवार हा सब्बाथ, त्या दिवशी बैल मोकळे, घाणा गप्प. म्हणून गावानं नाव पाडलं शनवार तेली. आणि ज्याचं जे गाव, ते त्याच्या आडनावात: पेणकर, रोहेकर, नवगावकर. यादी वाचताना रायगडच्या एसटीत बसल्यासारखं वाटतं. दिवेकर चित्पावनांतही आहेत आणि बेने इस्रायलींतही, तेव्हा आडनावावरून जात ओळखायची खोड असेल तर इथे फजिती ठरलेली.

अशाच एका दिवेकरानं, सामाजी हसाजींनी, 1796 मध्ये मुंबईत मांडवीला शहरातलं पहिलं सिनेगॉग बांधलं. हे मूळचे सॅम्युएल इझिकेल! सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी. एक ‘जी’ चिकटला की हिब्रू नावसुद्धा पाटलाच्या ओसरीवर पान खात बसेल.

किहीमचे ते केहीमकर. फुलपाखरांवर पुस्तकं लिहिणारे आयझॅक केहीमकर त्यांतले. सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तोही किहीमलाच. त्या गावच्या पाण्यात काहीतरी असावं! झिराड गावच्यांनी तर ‘कर’सुद्धा लावला नाही, डॉ. जेरुशा झिराड नुसत्याच झिराड. आणि मुंबईच्या एरुळकरांची लेक लीला पोचली सायप्रसला. नवरा ग्लाफकोस क्लेरिडीस 1993 ते 2003 तिथला राष्ट्राध्यक्ष.

गंमत म्हणजे हिब्रूत ‘कर’ म्हणजे थंड. घामाघूम कोकणातल्या गावांना हे शेपूट!

आता तुम्ही म्हणाल, याच्याशी आम्हा धाराशिवकरांचं काय देणंघेणं? आमच्याकडेही तुळजापूरकर, नळदुर्गकर आहेतच. पण खरा मान तेरचा. या बेने इस्रायली गावांच्या मुलखावर एके काळी उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य होतं. राजधानी ठाण्याला, तरी ताम्रपटात ऐटीत बिरुद लावत ‘तगरपुरपरमेश्वर’. तगर म्हणजे आपलं तेर, गोरोबाकाकांचं. घाण्यावरच्या तेल्यानं गाव मिरवलं, तसंच सिंहासनावरच्या राजानंही. साध्या मराठीत हे राजे तेरकरच की!

2023 मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. बाजारात काळी, लोंबत्या कानांची शेळी मात्र अजून जुनंच आडनाव लावून उभी असते: उस्मानाबादी.