चंद्रावरची रात्र आणि अणुभट्टी

चंद्रावर दोन-तीन दिवसच राहायचं असेल तर विजेचा प्रश्न अवघड नाही. अपोलोच्या माणसांनी बॅटऱ्यांवर आणि इंधनघटांवर भागवलंच की. पण वस्ती करायची म्हटली की रात्र आडवी येते. तिथली रात्र आपल्या सुमारे १४ दिवसांची! तेवढ्या बॅटऱ्या न्यायच्या तर वजनाखालीच मोहीम बसेल. मंगळावर रात्र लहान, पण ऊन आपल्या निम्म्याहून कमी आणि वर धुळीची वादळं. २०१८च्या वादळात ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही सौरऊर्जेवरची गाडी कायमची गप्प झाली.

मग अणुशक्ती. इथे आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. एक, प्लुटोनियम-२३८ची बॅटरी. ते आपोआप क्षय पावतं, तापतं, त्या उष्णतेची वीज करायची. अपोलो १२ने चंद्रावर ठेवलेली सुमारे ७० वॅट द्यायची, म्हणजे आपला छताचा एक पंखा. माणसांच्या हवा-पाण्याला किलोवॅट लागतात. त्यासाठी दुसरी, खरीखुरी भट्टी, युरेनियमचं विखंडन करणारी. नासाने २०१८मध्ये नेवाडात ‘क्रस्टी’ ही छोटी भट्टी २८ तास चालवून पाहिली.

आता गंमत बघा. ऐकायला भट्टी भयंकर वाटते, पण उड्डाणाच्या वेळी बॅटरीच अधिक किरणोत्सारी असते. न पेटवलेल्या भट्टीतलं युरेनियम त्या मानाने थंड. धोका भट्टी चालल्यानंतर साठतो. म्हणून ती कुठे पेटवायची, हा खरा प्रश्न.

सोव्हिएत ‘कॉसमॉस ९५४’ची भट्टी पृथ्वीजवळच्या कक्षेत चालत होती. २४ जानेवारी १९७८ला तो उपग्रह कॅनडाच्या उत्तरेत कोसळला, किरणोत्सारी तुकडे दूरवर पसरले. कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले, मिळाले ३० लाख. आम्ही तत्त्वज्ञानवाले इथे अडतो. अंतराळवीर धोका पत्करून जातो, त्याला विचारलेलं असतं. त्या बर्फात राहणाऱ्यांना कोणी विचारलं होतं? भरपाई म्हणजे संमती नव्हे. १९९२च्या संयुक्त राष्ट्रांच्या तत्त्वांनुसार नियोजित कक्षा गाठण्याआधी भट्टी पेटवायची नाही. पण नंतर उंच कक्षेत नेऊन ठेवणार असाल तर खालच्या कक्षेतही चालवायला मुभा आहे. ती मुभा आम्हाला पटत नाही. चंद्रावरच्या भट्टीला मात्र आमची हरकत नाही.

तिथे प्रश्न वेगळा, शेजारी राहणाऱ्यांचा. भट्टी मातीत पुरा, किंवा वस्तीपासून लांब ठेवा. लांब ठेवली की केबल वाढते, आणि केबलचंही वजन पृथ्वीवरूनच न्यायचं असतं.