लस आहे, पण जवानांसाठी

2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोलकात्याच्या बालरुग्णालयांत खाटा कमी पडू लागल्या. आलेली बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आतबाहेरची. चार-पाच दिवस न उतरणारा ताप, खोकला, लाल झालेले डोळे आणि मग धाप. तिथल्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेने 1 जानेवारी ते 9 मार्च या काळातले 3,115 नमुने तपासले. 1,257 मध्ये अ‍ॅडेनोव्हायरस निघाला आणि त्यातही जोर होता तो सात आणि तीन या प्रकारांच्या संकराचा. मार्चच्या सुरुवातीला राज्य सरकारने 19 मृत्यू सांगितले. त्यातल्या 13 जणांना आधीपासून दुसरे आजार होते, असंही सांगितलं. उरलेल्या सहांच्या आईबापांना या खुलाशाने काय दिलासा मिळणार, हे सरकारच जाणे.

हा विषाणू काही नवखा नाही. 1953 मध्ये अमेरिकेत वॉलेस रो आणि सहकारी मुलांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथींच्या पेशी वाढवत होते, तर त्या आपोआप मरू लागल्या. ग्रंथीतच दडून बसलेला हा पाहुणा तेव्हा सापडला. शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेक मुलांना तो एकदा तरी भेटून गेलेला असतो. सर्दी, घसा, डोळे येणं, कधी जुलाब, एवढ्यावर भागतं. आपल्यापैकी अनेकांनी तर 2021 मध्ये याच कुळातला एक विषाणू दंडात टोचून घेतला. पुण्याच्या सीरममध्ये बनलेल्या कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीचा अ‍ॅडेनोव्हायरस वाहक म्हणून वापरला होता. तो अर्थात वाढू न शकणारा, पांगळा केलेला. मग कोलकात्यात एकदम एवढा भडका का? टाळेबंदीत घरातच राहिलेल्या मुलांची या विषाणूशी वेळेवर ओळखच झाली नाही, असा तज्ज्ञांचा कयास होता.

फुप्फुसात उतरल्यावर मात्र तो वाईट वागतो. बारीक श्वासनळ्यांच्या अस्तरातल्या पेशी मरून गळतात आणि त्यांचाच चोथा नळीत तुंबतो. तान्ह्या बाळाची नळी मुळात अरुंद. ती निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, जवळजवळ 16 पट वाढतो. म्हणूनच मोठ्या भावाला नुसती सर्दी आणि धाकटा ऑक्सिजनवर, असं एकाच घरात घडू शकतं.

डॉक्टरांनाही तो चकवतो. बहुतेक विषाणूंच्या तापात रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन फारसे चढत नाहीत. इथे दोन्ही चढतात आणि एक्स-रेवर पांढरा डागही दिसतो. सगळं चित्र जिवाणूंच्या न्यूमोनियाचं. मग अँटिबायोटिक सुरू होतं, ताप हटत नाही, की त्याहून जोरदार दिलं जातं. यात डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. पण पीसीआर तपासणी सगळीकडे होत नाही, परवडतही नाही, आणि कधीकधी जिवाणूही जोडीला असतातच. विषाणूवर नेमकं औषध नाही. सिडोफोव्हिर आहे, पण ते मूत्रपिंडाला घातक, म्हणून प्रतिकारशक्ती ढासळलेल्या मोजक्या मुलांसाठीच राखून ठेवतात. बाकी भिस्त ऑक्सिजन, सलाईन आणि रात्रभर जाग्या असलेल्या सिस्टरांवर.

घरच्यांच्या हाती असतं ते श्वास मोजणं. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करायचं आणि पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळांचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40, म्हणजे श्वास जलद. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी यासाठीच मणी आणि वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ असलेलं साधं यंत्र बनवलं होतं, आकडे न येणाऱ्या बाईलाही मोजता यावं म्हणून. आकडा जमला नाही तरी बाळाचं पोट उडतंय, बरगड्यांखाली खळगा पडतोय, ते कण्हतंय किंवा अंगावर प्यायचं सोडलंय, एवढं दिसलं की सकाळची वाट बघायची नाही.

आणखी एक, सॅनिटायझरवर विसंबू नका. या विषाणूला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं, विशेषतः लंगोट बदलल्यावर. बरं झालेल्या मुलाच्या शीतूनही तो कित्येक आठवडे पडत राहतो.

घरी आल्यावरही काही मुलांची घरघर थांबत नाही. लहान नळ्यांत व्रण राहून त्या कायमच्या बुजतात. अर्जेंटिना आणि चिलीतल्या बालतज्ज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे. आपल्याकडे अशा मुलाला ‘बालदमा’ म्हणून पंप देऊन मोकळं होणं सहज घडतं, आणि पंपाने फारसा फरक पडत नाही. डिस्चार्जनंतर महिना-दीड महिना उलटूनही धाप लागत असेल, तर या मोठ्या न्यूमोनियाचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा.

लसीचं म्हणाल, तर ती पन्नास वर्षांपूर्वीच निघाली. 1971 पासून अमेरिकी लष्करात नव्या भरतीच्या जवानांना प्रकार चार आणि सातविरुद्धच्या गोळ्या दिल्या जात, कारण बराकीच्या बराकी तापाने आडव्या होत. एकमेव उत्पादकाने 1990 च्या दशकात त्या बनवणं बंद केलं. 1999 पर्यंत साठा संपला आणि बराकींतल्या साथी परतल्या. तेव्हा लष्कराने पाठपुरावा करून 2011 मध्ये लस पुन्हा आणवली. परवाना 17 ते 50 वयासाठी, तोही सैनिकांपुरता. गोळीत जिवंत विषाणू आहे. तो घशात नाही तर आतड्यात सुटावा म्हणून वर खास लेप असतो आणि गोळी न चावता अख्खी गिळावी लागते. वर्षाच्या मुलाला ती देता येणार नाही, हे उघड आहे. पण त्याच्यासाठी वेगळी बनवावी, असा आग्रह धरणारं लष्करासारखं वजनदार गिऱ्हाईक अजून कोणी पुढे आलेलं नाही.