फोटो ‘जरा उजळ’ कशाला?

लग्नासाठी मुलीचा फोटो काढायला स्टुडिओत गेलं, की आईचं एक वाक्य ठरलेलं. ‘दादा, जरा उजळ येऊ द्या हं!’ पूर्वी फोटोग्राफर लाइट वाढवायचा, आता कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबतो. माझाही ‘दाखवायचा’ फोटो असाच उजळलेला होता. बघायला आलेल्या मंडळींनी एकदा हातातल्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोहे खाल्ले आणि नंतर कळवतो म्हणाले. ते अजून कळवतायत!

रंगावरून माणसाची किंमत ठरवायची, ही सवय किती खोल गेली आहे, ते सिद्दी समाजाच्या तरुण मुलामुलींकडे पाहिलं की कळतं. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून कुणी खलाशी, कुणी सैनिक, तर कितीतरी जण गुलाम म्हणून इथे आले. त्यांचे हे वंशज. मी राहते त्या पनवेलजवळच्या ओवे गावाचा जिल्हा रायगड, आणि सिद्दींचा जंजिराही आमच्याच जिल्ह्यात, मुरूडला. पण आपल्याला सिद्दी ठाऊक तो इतिहासाच्या पुस्तकातला शत्रू म्हणून. खरं तर १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर होता, तसा महाराजांच्या बाजूने तो वेढा फोडायला धावलेला सिद्दी हिलालही होता. आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला.

आज गुजरातमधले सिद्दी गुजराती बोलतात, यल्लापूर-हल्याळकडचे कोकणी बोलतात. तरीही त्यांच्या मुलांना एसटीत, कॉलेजात कुणीतरी विचारतंच, ‘तुम्ही कुठल्या देशाचे?’ इथलीच म्हणून सांगितलं, तरी समोरच्याला पटत नाही. आपल्याच गावात पाहुणं ठरायचं, म्हणजे काय होत असेल त्या जिवाला!

मुंबईच्या छायाचित्रकार केतकी शेठ यांनी २००५ मध्ये गीरच्या जंगलातलं सिरवान हे सिद्दींचं गाव पाहिलं. पुढे काही वर्षं त्या या समाजाचे कृष्णधवल फोटो काढत राहिल्या. २०१३ मध्ये त्याचं ‘अ सर्टन ग्रेस’ हे पुस्तक आलं. एरवी पर्यटकांना सिद्दी दिसतो तो चेहरा रंगवून, मोरपिसं लावून ‘धमाल’ नाचणारा. या फोटोंत मात्र घरात-दारात उभी असलेली साधी माणसं सरळ आपल्या डोळ्यांत बघतात. उजळ करायची काही गरजच वाटत नाही.

इंग्लंडमध्येही असंच घडलं. वेस्ट इंडीजमधून कामधंद्यासाठी तिकडे गेलेल्यांच्या मुलांनाही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हाच प्रश्न होता. जमैकात जन्मलेले व्हॅन्ली बर्क १९६५ मध्ये बर्मिंगहॅमला आले आणि आपल्याच वस्तीचे फोटो काढू लागले. १९७० मधला त्यांचा एक फोटो फार गाजला. बागेत एक काळा मुलगा सायकल घेऊन उभा आहे आणि सायकलला ब्रिटनचा झेंडा लावलेला आहे. मी इथलाच, हे त्याला तोंडाने सांगावंच लागत नाही.

आपल्याकडे २०२३ मध्ये जांबूर गावच्या हीरबाई लोबी या सिद्दी बाईंना पद्मश्री मिळाली. गावातल्या बायकांना हाताशी धरून केलेल्या कामाचा तो मान होता. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो पाहून कितीतरी सिद्दी मुलींना वाटलं असेल, ही तर माझ्यासारखीच दिसते!

एका क्रीमने २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढून टाकला. आपल्या मनातून तो कधी जायचा? मैत्रिणींनो, एवढं तरी करूया. मुलीचा फोटो काढताना तिलाच विचारू, कुठे उभं राहायचं, काय घालायचं, हसायचं की नाही. फोटोच्या मागे तिचं नाव, गाव आणि तारीख लिहू. आणि रंग? तो आहे तसाच येऊ देऊ.