वर्षाचा संकल्प आणि पस्तीस दिवसांची पिशवी

जून उजाडला की आमच्या मालवण किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर झाप चढतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद राहते. एरवी पहाटे दर्यावर जाणारी माणसे या दोन महिन्यांत घरी सापडतात. म्हणून आमच्या छोट्या सेवा मंडळाची वार्षिक सभा पहिल्यापासून याच दिवसांत भरते. रोटरी आणि लायन्स क्लबांचे वर्षही १ जुलैला सुरू होते म्हणे, पण आम्ही ते पाहून ठरवलेले नाही. आमचे कारण पावसाचे.

मी या मंडळाचा खजिनदार. मध्यंतरी जुन्या वह्या चाळल्या तेव्हा दर वर्षीच्या संकल्पांची यादी जवळजवळ सारखीच निघाली. वह्यावाटप, झाडे लावणे, नेत्रतपासणी, किनारा सफाई, गुणवंतांचा सत्कार, ईद मिलन, रक्तदान शिबिर. एका वर्षी चौदा संकल्प होते. त्यातले किती पुरे झाले ते वहीत नाही, कारण पुरे झाले म्हणजे काय हेच कोणी लिहून ठेवले नव्हते. ‘झाडे लावणे’ म्हणजे खड्ड्यात रोप आणि फोटो. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप.

रक्तदान मात्र आमच्या अभिमानाचा विषय होता. दर २६ जानेवारीला शिबिर, मोठा बॅनर, शंभरावर पिशव्या. मंदिरातले, मस्जिदीतले, कॉलेजातले, सगळे रांगेत. संकल्प शंभरचा, पुरा झाला, टाळ्या.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्याच मोहल्ल्यातली एक सून बाळंतपणात अडली. इथून ओरोसला, तिथून सीमेपलीकडे गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात. रक्तगट ओ निगेटिव्ह. हा गट आपल्या देशात शंभरात जेमतेम एकदोघांचा, आणि त्याला दुसऱ्या गटाचे लाल रक्त चालत नाही. रात्री नऊला तिच्या दिराचा मला फोन आला, ‘‘चाचा, तुमच्या शिबिरात शंभर पिशव्या झाल्या होत्या ना? त्यातली एक मिळेल काय?’’

मी बॅग उघडली. शिबिराची पावती होती, मंडपाचे बिल होते, बॅनरचा फोटो होता. दात्यांची नावे एका कागदावर होती, पण रक्तगट नाहीत, फोन नंबर नाहीत. जानेवारीत रक्त दिलेला पुरुष तीन महिन्यांनी, म्हणजे एप्रिलअखेर पुन्हा देऊ शकतो. आमच्या शंभरात त्या गटाचा एखादा नक्की असणार आणि त्या रात्री तो द्यायला मोकळाही असणार. त्याला शोधायची सोय खजिनदाराने केली नव्हती.

मध्यरात्रीनंतर कुडाळकडचा एक अनोळखी तरुण मोटारसायकलवरून शंभरावर किलोमीटर जाऊन रक्त देऊन आला. अल्हमदुलिल्लाह, आई आणि बाळ दोघे सुखरूप आहेत. मुलगी आता अंगणात धावते. तिला पाहिले की मला तो फोन आठवतो.

त्या जूनच्या सभेत मी हे सांगितले तेव्हा एक जुने तांडेल म्हणाले, ‘‘रगात काय सुको बांगडो हा, वरीसभर रवाक?’’ लोक हसले, पण मुद्दा तोच होता. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंश तापमानात, नेहमीच्या द्रावणात ३५ दिवस टिकते, जास्तीचे द्रावण घातले तर ४२. प्लेटलेट तर पाचच दिवस. २६ जानेवारीची पिशवी मार्च उजाडता उजाडता बाद. एकाच दिवशी शंभर पिशव्या आल्या की लहान रक्तपेढीला त्या दुसरीकडे द्याव्या लागतात किंवा मुदत संपल्यावर टाकाव्या लागतात. आमचा संकल्प पुरा होत होता आणि मे कोरडा जात होता.

तिथे पोलिओची गोष्ट निघाली. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये लस पाजायला सुरुवात केली आणि १९८५ मध्ये जगभरासाठी मोहीम जाहीर केली. पैशाचे लक्ष्य १२ कोटी डॉलरचे होते. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. पैसा जमला म्हणून पोलिओ गेला नाही. भारतात २००९ मध्ये ७४१ मुलांना पोलिओ झाला, जगात सर्वांत जास्त. उत्तर प्रदेशातल्या आपल्या कित्येक मोहल्ल्यांत ‘या थेंबांनी मुलेबाळे होणार नाहीत’ अशी अफवा होती आणि दारे बंद होत होती. ज्या घरातले मूल राहिले त्या घरावर खडूने इंग्रजी एक्सची खूण होई. किती लाख थेंब पाजले यापेक्षा किती एक्स उरले हे मोजायला लागल्यावर कामाची दिशा बदलली. उलेमांना सोबत घेतले गेले, मस्जिदीतून आवाहने झाली, इमामांनी स्वतःच्या नातवंडांना लोकांसमोर डोस दिले. २०१० मध्ये रुग्ण ४२ वर आले आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यातल्या एका लहान मुलीत शेवटचा रुग्ण नोंदला गेला. २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र मिळाले.

आमच्यापुढे एवढे मोठे काही नव्हते, पण उरलेले मोजायची रीत घेण्यासारखी होती. चौदा संकल्प खोडले. एकच ठेवला: वर्षातला एकही महिना दात्यांविना जाऊ नये. भिंतीवर बारा चौकटी आखल्या. प्रत्येक दात्याचे नाव, गट, फोन आणि शेवटची तारीख. पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने अंतर.

चौकटी आखल्यावर दिसले की आमच्या किनाऱ्याला एक वर्ष नसून चार-पाच वर्षे एकमेकांत गुंतलेली आहेत. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या की खलाशी हाती लागत नाहीत. गणपतीत सगळे घरात गुंतलेले. कॉलेज एप्रिलपासून बंद. आणि रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे मागच्या वर्षाचा कागद पुढच्या वर्षी चालत नाही. रोज्यात दिवसा रक्त देणे अवघड. पण हिशोब सोपा निघाला: रमजान लागण्याच्या दोन-तीन दिवस आधी दिलेली पिशवी ३५ दिवस टिकते, महिना २९ किंवा ३० दिवसांचा. म्हणून चांद दिसण्याआधीची तारीख ठरवली. अचानक गरज पडलीच तर इफ्तारनंतर जायला चार-पाच जण तयार आहेत.

मे महिन्याचे उत्तर समोरच होते, आम्हीच पाहत नव्हतो. मे महिन्यात गाव ओस नसते. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, घरोघर आंबे, लग्ने. त्यांना कोणी विचारतच नव्हते. पाहुण्याला रक्त कसे मागायचे ही आपली भिडस्त रीत!

बायकांचा प्रश्न मात्र वेगळा निघाला. भाबी, आपा, नणंदा उत्साहाने आल्या आणि निम्म्याहून अधिक परत गेल्या, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळले, तेव्हा आमचा मोहल्ला काही निराळा नव्हता. रक्त मागायला गेलो आणि ज्यांच्याकडे मागितले त्यांच्याच अंगात कमी! दुसरा संकल्प तिथून आला आणि तो बायकांनीच हाती घेतला. दर तीन महिन्यांनी तपासणी, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या खरोखर घेतल्या की नाही याची एकमेकींकडून चौकशी, शेवग्याचा पाला आणि कुळीथ ताटात, वर लिंबू, आणि जेवणावर लगेच चहा नको. चहाचेच सर्वांत कठीण गेले.

पहिल्या वर्षी बारापैकी दोन चौकटी रिकाम्या राहिल्या, सप्टेंबर आणि नोव्हेंबर. सभेत ते तसेच वाचून दाखवले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तासभर बोलणे झाले आणि त्याच बैठकीत सप्टेंबरसाठी गणपतीला गावी येणाऱ्या दोन कुटुंबांनी स्वतःहून नावे दिली.

या वर्षीचा तक्ता लावून झाला आहे. पुढच्या मेच्या चौकटीत अजून तीन नावे हवी आहेत. ओ निगेटिव्हचे दोघे मिळाले, त्यातला एक मुंब्र्याला असतो. त्याला काल फोन केला. सुट्टीची तारीख पक्की झाली की कळवतो म्हणाला.