इंजिन थर्मोस्टॅट

इंजिन थर्मोस्टॅट ही द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनातील एक स्वयंचलित झडप आहे. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा कूलंटचा प्रवाह ती तापमानानुसार उघडते व बंद करते. हा भाग बिघडल्यावर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. बदलताना वाहन उत्पादकाच्या नावाने विकला जाणारा मूळ भाग किंवा अन्य निर्मात्याचा, बाजारात 'आफ्टरमार्केट' म्हणून ओळखला जाणारा पर्यायी भाग वापरता येतो.

रचना व कार्य

बहुतेक मोटारींत मेणाचा थर्मोस्टॅट असतो. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेत तो विकसित केला. त्यापूर्वी बाष्पशील द्रव भरलेल्या, भात्यासारख्या फुगणाऱ्या धातूच्या नळकांड्याचा वापर होत असे. मेणाच्या प्रकारात पितळी कुपीत मेण भरलेले असते. उष्णता त्यात लवकर पसरावी म्हणून तांब्याची पूड मिसळतात. वितळताना मेणाचे आकारमान वाढते व ते कुपीतील दांड्यावर दाब देते. दांडा चौकटीला टेकलेला असल्यामुळे कुपीच मागे सरकते आणि स्प्रिंगचा विरोध मोडून झडप उघडते. तोपर्यंत कूलंट रेडिएटर टाळून बायपास मार्गाने इंजिनातच फिरत राहते.

झडप उघडू लागण्याचे तापमान भागावर कोरलेले असते. मोटारींत ते बहुधा ८२, ८८ किंवा ९२ अंश सेल्सिअस असते. झडप पूर्ण उघडण्यास त्याहून साधारण १० ते १५ अंश अधिक तापमान लागते.

थर्मोस्टॅट इंजिनाचे किमान तापमान ठरवतो, कमाल नव्हे. झडप पूर्ण उघडल्यानंतर पुढचे सर्व रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप व बाहेरची हवा यांवर अवलंबून असते. त्यामुळे रेडिएटर गाळाने तुंबलेला असताना कमी अंशांचा थर्मोस्टॅट बसवून इंजिन तापणे थांबत नाही. फार तर ते काही मिनिटे लांबते.

काढून टाकण्याची प्रथा

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय भारतातील अनेक गॅरेजांत केला जातो. 'आपल्याकडे थंडी कुठे असते?' हा त्यामागचा युक्तिवाद असतो, पण तो टिकत नाही. उष्ण प्रदेशातील हवाही ३० ते ४० अंशांची असते, तर इंजिनाला ९० अंशांच्या आसपास चालायचे असते. झडप नसल्यास इंजिन गरम होण्यास फार वेळ लागतो, संगणकीय नियंत्रण इंधनाचे प्रमाण वाढवते, तेलातील बाष्प उडून न गेल्याने गाळ साचतो आणि झीज वाढते. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालची चकती बायपास बंद करते, तेथे तर उलटाच परिणाम होऊ शकतो: बायपास सदैव उघडा राहतो आणि कूलंटचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता तसाच परततो.

पर्यायी भागाची निवड

केवळ कोरलेले अंश जुळले म्हणजे भाग जुळला असे होत नाही. बाहेरील व्यास, कुपीची लांबी, बायपास चकतीचा आकार व तिचे अंतर, तसेच हवा सोडणारे छिद्र ही सर्व मूळ भागाप्रमाणे असावी लागतात. चकती काही मिलिमीटर आखूड पडली तरी बायपास नीट बंद होत नाही, आणि हा दोष बसवताना दिसत नाही.

पर्यायी म्हणजे निकृष्ट असे मात्र नाही. काही निर्माते वाहन कंपन्यांनाही थर्मोस्टॅट पुरवतात व सुट्या भागांच्या बाजारातही विकतात. खरा धोका असतो तो खोटे वेष्टण असलेल्या नकली मालाचा. काही पर्यायी थर्मोस्टॅट अतितापमान झाल्यास उघड्या स्थितीत अडकतील असे बनवलेले असतात. त्यामुळे इंजिन वाचते, पण तो भाग पुन्हा बदलावा लागतो. विद्युत तापक असलेल्या आधुनिक थर्मोस्टॅटच्या जागी साधा मेणाचा भाग चालत नाही.

तपासणी व बसवणी

नवा भाग बसवण्यापूर्वी पाण्याच्या भांड्यात तापमापकासह टांगून तपासता येतो. ९२ अंशांचा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यातही पूर्ण उघडत नाही, कारण त्यासाठी १०० अंशांहून अधिक तापमान लागते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी तर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. म्हणून या चाचणीत झडप उघडण्यास कधी सुरुवात होते एवढेच पाहावे.

रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये. दाबाखालचे कूलंट बाहेर उसळून गंभीर भाजते. मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूस व हवेचे छिद्र वरच्या बाजूस ठेवतात. जुने गॅस्केट वा रबरी कडे पुन्हा वापरत नाहीत. कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढावी लागते. कुपीभोवती हवेचा बुडबुडा राहिल्यास निर्दोष थर्मोस्टॅटही उशिरा उघडतो, आणि दोष नव्या भागाच्या माथी मारला जातो.