मोठा दिवाणखाना, बेताची तरतूद

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नाशिक, कोल्हापूर, सातारा यांसारख्या शहरांच्या कडेला जे बंगले उभे राहिले, त्यांपैकी पुष्कळांत दिवाणखाना, जेवणाची जागा आणि वरच्या मजल्याकडे जाणारा जिना यांच्यामधल्या भिंती वास्तुविशारदाने काढून टाकलेल्या आढळतात, आणि त्यामुळे ३० फूट लांब, २० फूट रुंद व ११ फूट उंच अशी खोली आता केवळ सरदार-जहागीरदारांच्या वाड्यापुरती राहिलेली नाही. या ऐसपैस जागेचा गृहस्वामीला अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे; परंतु याच खोलीत चित्रपटगृहासारखा ध्वनी आणावयाचा संकल्प त्याने सोडला, आणि त्या संकल्पासाठी घरखर्चातून फार मोठी रक्कम मंजूर होण्यासारखी नसली, की कालपर्यंत कौतुकाचा असलेला तो विस्तार अडचणीचा वाटू लागतो. बाजारात चौकशी केली तर सल्ला बहुधा एकच मिळतो : खोली मोठी आहे, तेव्हा स्पीकर अधिक घ्या आणि वॅटही अधिक घ्या. हा सल्ला विक्रेत्याच्या जमाखर्चाला सोयीचा असला, तरी ध्वनिशास्त्राला मान्य होणारा नाही. मर्यादित तरतुदीच्या माणसाने खोली भरण्याच्या फंदात पडू नये, बैठक तेवढी भरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या मताला आधार आहे तो साध्या अंकगणिताचा.

मोकळ्या जागेत ऐकणाऱ्याचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने उतरते. उलट, पातळी केवळ ३ डेसिबलने चढवावयाची तर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करावी लागते, आणि १० डेसिबलने चढवावयाची तर दसपट. प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या तपशीलपत्रकात त्याची संवेदनशीलता, म्हणजे १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर तो किती डेसिबल ध्वनी देतो तो आकडा, नमूद केलेली असते. आणि गिऱ्हाईक ज्या आकड्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही, तोच आकडा मोठ्या खोलीच्या मामल्यात निर्णायक ठरतो. समजा, ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर आहे आणि ऐकणारा १८ फुटांवर, पार मागच्या भिंतीकडे बसला आहे. त्याच्या कानाशी ९५ डेसिबलचा क्षणिक कल्लोळ पोचावयाचा तर मोकळ्या जागेच्या हिशेबाने सुमारे १९० वॅट लागतात. आता स्पीकर ९० डेसिबलचा घ्या आणि सोफा ९ फुटांवर ओढा : तेच काम सुमारे २५ वॅटमध्ये होते. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे दोन्ही आकडे काहीसे कमी होतील हे खरे, पण त्यांच्यातील तफावत नाहीशी होणार नाही. चित्रपटाचे ध्वनिमिश्रण ज्या प्रमाण पातळीवर होते तिच्यात प्रत्येक मुख्य वाहिनीची कमाल १०५ डेसिबलपर्यंत जाते. घरात मात्र १० डेसिबल खाली राहिलेलेच बहुतेकांच्या कानांना, आणि शेजाऱ्यांना तर निश्चितच, मानवते.

देवळाच्या सभामंडपात कीर्तन उभे राहिले की मंडप कितीही प्रशस्त असला तरी जाणते श्रोते बुवांच्या पुढ्यात सरकून बसतात. दिवाणखान्यातही तेच करावे. सोफ्याच्या मागे उरलेल्या जागेत जेवणाचे टेबल राहो, झोपाळा राहो. पाठ मागच्या भिंतीला न लागल्याचा आणखी एक फायदा असा की, भिंतीलगत खर्जाचा जो गलबला साचतो त्यातून ऐकणाऱ्याची सुटका होते.

वॅटच्या आकड्यांविषयी सावधगिरीची सूचना येथेच देणे इष्ट. एके काळी आपल्याकडे हातात उचलून नेता येईल अशा टेपरेकॉर्डरवरही हजारो वॅट ‘पी.एम.पी.ओ.’ अशी चिठ्ठी डकवलेली असे. त्या आकड्याला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नव्हते आणि जाहिरातीपलीकडे त्याचा उपयोगही नव्हता. आजची फसवणूक अधिक सभ्य आहे, इतकेच. खोक्यावर छापलेला आकडा पुष्कळदा एकच वाहिनी चालू ठेवून, एकाच स्वरावर आणि १० टक्के विकृती खपवून घेऊन मोजलेला असतो. आठ ओहमच्या भारावर, दोन वाहिन्या एकदम चालवून आणि संपूर्ण श्राव्य पट्ट्यात किती सतत शक्ती मिळते, हा आकडा मागावा. तो ७०-८० वॅट असला तरी वर सांगितलेल्या बैठकीला पुरून उरतो.

मग सर्वच स्पीकर अधिक संवेदनशील का नसतात, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेतील के.एल.एच. या स्पीकर-कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जे. अँटन हॉफमन, यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या नियमात आहे : खोल खर्ज, लहान पेटी आणि अधिक संवेदनशीलता या तिहींपैकी कोणत्याही दोन गोष्टी मिळतील, तिसरीवर पाणी सोडावे लागेल. लहान खोलीत राहणारा मनुष्य संवेदनशीलतेवर पाणी सोडतो व देखणी, चिमुकली पेटी घेतो. मोठ्या दिवाणखान्याच्या मालकाला ती चैन परवडण्यासारखी नाही. त्याच्याजवळ जागा मुबलक आणि पैसा बेताचा, तेव्हा त्याने मोठी पेटी पत्करावी. खोल खर्जाचे काम सबवूफरकडे सोपवून मुख्य स्पीकरांना ८० हर्ट्झच्या वरच ठेवले, तर साडेसहा किंवा आठ इंची वूफरचा शेल्फवरचा स्पीकरही, संवेदनशीलता ९० च्या आसपास असल्यास, कामाला पुरतो. उंच मनोऱ्यासारख्या स्पीकरांच्या किमतीत लाकडाचा वाटा बराच असतो. साउंडबारबद्दल एवढेच की, निजायच्या खोलीत ती सोयीची वस्तू आहे. ३० फुटांच्या दिवाणखान्यात तिच्या दोन-तीन इंची शंकूंकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

खरेदीचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. चित्रपटातील संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात, आणि ‘सगळे ऐकू येते, पण बोललेले कळत नाही’ ही घरोघरची तक्रार मुख्यतः मधला स्पीकर दुबळा असल्याची असते. म्हणून समोरचे तीन स्पीकर एकाच जातीचे, शक्य तर एकाच नमुन्याचे घ्यावेत. आडव्या मांडणीच्या मधल्या स्पीकरमध्ये दोन वूफरांचे ध्वनी बाजूला बसलेल्यांच्या कानाशी एकमेकांना छेद देतात, आणि मोठ्या खोलीत माणसे बाजूला बसतातच. तेव्हा उभाच स्पीकर मध्ये ठेवणे बरे. विक्रेते जोडीखेरीज विकत नसतील तर दोन जोड्या घेऊन एक नग राखीव ठेवला तरी, मध्यासाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या महाग पेटीपेक्षा तो व्यवहार किफायतीचाच ठरतो. बाजूचे वा मागचे स्पीकर पुढच्या दिवाळीपर्यंत खुशाल तहकूब ठेवावेत. त्यांच्या वाट्याला काम थोडे येते. माझ्या अंदाजाने एकूण रकमेचा निम्मा भाग समोरच्या तिघांवर, पाव भाग सबवूफरवर आणि उरलेला पाव अ‍ॅम्प्लिफायरवर पडावा.

सबवूफरच्या बाबतीत मात्र खोलीचे आकारमान चुकवता येत नाही. बैठक पुढे ओढून वरचे स्वर जवळ येतात, खर्ज तसा येत नाही; तो उघड्या जिन्यातून वरच्या मजल्यापर्यंत सगळी हवा हलवू पाहतो. तेवढ्याच पातळीवर ४० ऐवजी २० हर्ट्झपर्यंत उतरावयाचे तर शंकूला चौपट हवा ढकलावी लागते. आठ इंची सबवूफर येथे थकून जातो. निदान बारा इंची हवा. भिंतींमध्ये अडकलेल्या लहरींमुळे खर्ज खोलीत एका ठिकाणी फुगतो तर दुसऱ्या ठिकाणी नाहीसा होतो, यावर बिनखर्ची उपाय असा : सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, एखादे खर्जप्रधान संगीत लावावे आणि आपण भिंतींच्या कडेने रांगत जाऊन जेथे खर्ज सर्वांत सम ऐकू येईल तेथे सबवूफरची कायम नेमणूक करावी. प्रतिष्ठित गृहस्थाला हे दृश्य शोभत नाही, म्हणून घरात पाहुणे नसताना करावे. पुढे पैसे साठले तर दुसरा सबवूफर समोरच्या भिंतीच्या मध्याशी ठेवण्याइतकी फलदायी खरेदी नाही.

आता खोलीविषयी. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात व्याख्यात्याचा शब्द कळेनासा झाला, तेव्हा वॉलेस क्लेमेंट सबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला ती तक्रार निस्तरण्यास सांगण्यात आले. त्या गृहात एक उच्चार साडेपाच सेकंद घुमत राही. सबाइनने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवून घुमारा विरण्यास लागणारा काळ मोजला, मग आणखी गाद्या घातल्या आणि पुन्हा मोजला. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरात आहे : खोलीचे आकारमान जितके मोठे तितका घुमारा लांबतो, आणि ध्वनी शोषणारे पृष्ठभाग जितके अधिक तितका तो आखडतो. हेच सूत्र आपल्या ३० बाय २० च्या रिकाम्या, फरशीच्या आणि गिलाव्याच्या खोलीला लावले तर उत्तर पाच ते सात सेकंद येते, म्हणजे फॉगच्या व्याख्यानगृहापेक्षा स्थिती फारशी बरी नाही. त्याच खोलीत १२ बाय १५ चा जाड गालिचा, दुहेरी चुण्यांचे वजनदार पडदे, कापडी सोफे, पुस्तकांची उघडी कपाटे आणि चार माणसे आली की तो घुमारा एक-सव्वा सेकंदावर येतो. बैठक स्पीकरजवळ नेण्याचे महत्त्व येथे दुप्पट होते, कारण घुमारा खोलीभर जवळजवळ सारखाच असतो, थेट येणारा शब्द मात्र जवळ गेल्याने बळावतो. अ‍ॅम्प्लिफायरवर वीस हजार अधिक खर्च करणाऱ्याला पडद्याच्या कापडाचा खर्च जिवावर येतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. जुन्या वाड्यांत मातीच्या भिंती, तुळया, लोड-तक्के आणि सतरंज्या यांनी हे काम न सांगता होत असे.

तारांबद्दल विक्रेते जे माहात्म्य सांगतात ते सोडून द्यावे. घराच्या वायरिंगसाठी मिळणारी अडीच चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर १० मीटर अंतरापर्यंत निर्धास्त वापरावी. जाण्यायेण्याच्या लांबीचा तिचा एकूण रोध ०.१५ ओहमच्या आसपास भरतो.

वापरलेल्या मालाचा रस्ता बेताच्या तरतुदीला फार उपकारक आहे. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड येथे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर आजही सापडतात, आणि ज्या मोठ्या पेट्या आज कोणाला घरात नकोशा झाल्या आहेत त्या आपल्याला हव्याच आहेत. शंकूच्या कडेला फोम असेल तर बोटाने हळूच दाबून पाहावा. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, दहा-पंधरा वर्षांत त्याचा भुगा होतो. कड बदलून मिळते, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. रबरी कड पुष्कळ टिकते.

दुकानात दोन स्पीकरांची तुलना करताना दोहोंची पातळी सारखी केल्याशिवाय निकाल देऊ नका, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. पारखण्यासाठी ‘सैराट’चे संगीत उपयोगी पडेल, कारण त्यातील वाद्यवृंद हॉलिवूडच्या ध्वनिमुद्रणगृहात ध्वनिमुद्रित झालेला आहे, पण त्याआधी आपल्या मातृभाषेतला, भरभर बोललेला एखादा संवाद ऐका. आणि दुकानातली खोली तुमच्या दिवाणखान्याच्या चौथाईही नसणार, हे ध्यानात ठेवून घरी आठवडाभर लावून पाहण्याची मुभा लेखी मागून घ्या. ती देण्यास जो विक्रेता तयार होत नाही त्याच्याकडून माल घेऊ नका.