महामार्ग दिल्लीचा, नाला गावचा!

२८ सप्टेंबर २०२१ चा दिवस उमरखेड तालुका विसरलेला नाही. त्या सकाळी नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी बस दहागावच्या नाल्यावरील पुलावरून पुराच्या पाण्यात वाहून गेली. गावकऱ्यांनी जिवावर उदार होऊन काहींना वाचविले, काहींना वाचविता आले नाही. पुढे दोन वर्षे होत नाहीत तोच २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला आणि अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाला साद घालावी लागली.

अशा वेळी प्रत्येक जण विचारतो, पूल कोणाचा? सरपंच म्हणतात, जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषद म्हणते, सार्वजनिक बांधकाम विभागाचा. बांधकाम विभाग म्हणतो, केंद्राकडे प्रस्ताव पाठविला आहे. मोलमजुरी करणाऱ्या आमच्या आयाबहिणी मात्र लेकरू कडेवर घेऊन नाल्याच्या काठावर पाणी ओसरण्याची वाट पाहत बसतात. म्हणून हा 'कोणाचा' आज जरा उलगडून पाहू.

याचे उत्तर आपल्या संविधानातच आहे. सातव्या अनुसूचीत कामाची वाटणी केलेली आहे. संसदेने कायद्याने जाहीर केलेले राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत आहेत, म्हणजे जबाबदारी केंद्राची. बाकीचे रस्ते, पूल आणि नदीवरची नावसेवा राज्यसूचीत, क्रमांक १३ वर आहे. म्हणजे काम राज्याचे. पण पैसा? मोठे कर दिल्लीत जमा होतात, आणि म्हणूनच प्रत्येक राज्य सरकार दरवर्षी फायली घेऊन दिल्लीच्या दारात उभे राहते.

ही गोष्ट जुनी आहे. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांबाबत समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलवर दर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पुढे १९४३ साली आपल्या नागपुरातच देशभरचे मुख्य अभियंते जमले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही विभागणी तेथेच ठरली. शेतीच्या पट्ट्यातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असे स्वप्न त्या नागपूर योजनेने पाहिले होते. १ एप्रिल १९४७ पासून राष्ट्रीय महामार्गांचा खर्च केंद्राने उचलला.

त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु पाटबंधारे, वीज आणि जलमार्ग हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते, हे थोड्यांना ठाऊक असते. १९४५ साली स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग त्यांच्याच कारकिर्दीतला. आजचा केंद्रीय जल आयोग म्हणजे त्याचेच पुढचे रूप. नदीने पूर आणला तरी तिच्याच पाण्यातून शेती, वीज आणि वाहतूक साधता येते, आणि नदी प्रांताची सीमा ओलांडते तेव्हा एकट्या प्रांताने भागत नाही, ही दृष्टी त्या धोरणामागे होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या वाटेने जाणारा जुना सात नंबरचा महामार्ग आज ४४ नंबरचा आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी असा तो जातो. दुसरा ३६१ नंबरचा. नागपूरकडून वर्धा, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड करीत नांदेड आणि पुढे तुळजापूरला पोहोचणारा. वणी-वरोरा हा कोळशाच्या ट्रकांचा रस्ताही राष्ट्रीय महामार्ग झाला. हे रस्ते रुंद झाले, दवाखाना जवळ आला, दीक्षाभूमीला जाणाऱ्या आमच्या गाड्यांचा वेळ वाचला. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण महामार्गावरून खाली उतरले की खरी परीक्षा सुरू होते. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, तेव्हा सर्व पैसा केंद्राचा होता. २०१५-१६ पासून केंद्राचे साठ रुपये आणि राज्याचे चाळीस, असा हिशेब झाला. शिवाय योजनेला लोकसंख्येची अट. सपाटीवर पाचशे, आदिवासी व डोंगरी भागात अडीचशे. कोलामांचा पोड तेवढा मोठा नसतो, म्हणून तो वर्षानुवर्षे यादीबाहेर राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत ही अट शंभरावर आली. उशिरा का होईना, पोडाची मोजदाद झाली.

नावेचे तर विचारूच नका. कोकणात भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. केंद्राच्या सागरमाला कार्यक्रमाचा तिला हातभार लागला. आता मोटारीसुद्धा नावेत बसून जातात. आमच्या वर्धा आणि पैनगंगेच्या काठी मात्र ढिवर बांधवांचा डोंगाच आधार. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यात पैनगंगा-वर्धा हा पट्टाही आहे. कागदावर नदी राष्ट्रीय झाली, पण उन्हाळ्यात तिच्या पात्रातून माणूस चालत जातो आणि पावसाळ्यात तिच्याकडे पाहवत नाही. या तीरावरून त्या तीरावर नेणारी नाव राज्याच्याच यादीत राहिली.

वाट्याचा हिशेब लांबला की काय होते, याचा दाखला वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग आहे. २८४ किलोमीटरचा हा मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला. चाळीस टक्के वाटा राज्याने उचलायचा ठरले. पहिली गाडी वर्धा ते कळंब या ३९ किलोमीटरवर धावली ती २८ फेब्रुवारी २०२४ रोजी! मंजुरीच्या वेळी पाळण्यात असलेले पोर तोवर दहावीला बसले.

कोणी म्हणेल, आम्ही गरीब माणसे, आम्हाला निधीचे काय? बंधूंनो, डिझेलवर रस्त्यासाठी उपकर बसतो. एसटी त्याच डिझेलवर चालते. म्हणजे तिकीट काढणारी मजूर बाईसुद्धा त्या निधीत भर घालते. आणि उपकराचा पैसा वित्त आयोगाच्या वाटपात येत नाही, तो केंद्राकडेच राहतो. म्हणून राज्याने मागितलेला पैसा ही भीक नव्हे, आपल्याच घामाचा वाटा आहे.

मग आपण काय करावे? पहिले, गावचा रस्ता कोणत्या योजनेत, कोणाच्या नावावर आणि पैसा कोणी किती दिला, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. दुसरे, ग्रामसभेत पुलाचा ठराव घ्यावा व त्याची नक्कल खासदारांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा 'दिशा' समितीकडे पाठवावी. ग्रामसडक योजनेचा आढावा तेथेच होतो. तिसरे, महामार्गासाठी जमीन जात असेल तर फक्त सातबारावाल्यानेच बोलावे असे नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या व्याख्येत त्या जमिनीवर तीन वर्षे मुख्यतः पोट भरणारा शेतमजूरही बाधित कुटुंबात मोडतो. आमच्या बहुतेक घरांना सातबारा नाही, म्हणून हे कलम घरातल्या शिकल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

पुढचा पावसाळा येईल, नाला पुन्हा भरेल. त्याच्या आत आपला अर्ज कचेरीत पोहोचलेला असावा आणि त्याची पोच आपल्या हाती असावी. 'पूल कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर पाणी चढल्यावर काठावर बसून शोधण्यात अर्थ नाही. ते उन्हाळ्यातच मागितले पाहिजे.